पाच काडतुसे, सहा घरे

१

इसवी सन २०२५, ऑक्टोबर महिन्याची बारा तारीख, वार रविवार. स्थळ: शिकागोच्या वायव्येचे शॉमबर्ग हे उपनगर, इलिनॉय राज्य, सबनीसांच्या घराचे तळघर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या तळघरात एकच आवाज झाला, आणि वर पोहे परतत असलेल्या शुभा सबनीस हातातला झारा तसाच घेऊन जिना उतरल्या.

मोरेश्वर सबनीस आपल्या कामाच्या टेबलाच्या पायाशी पडले होते. वय अडुसष्ट, निवृत्त यंत्र-अभियंता, चाळीस वर्षांचा अमेरिकेतला संसार. गोळी छातीत खालून वर शिरली होती. टेबलावर पिवळे फडके, तेलाची बाटली आणि नळी पुसण्याची सळई ओळीने मांडलेली होती. शेजारी एक लाकडी पेटी उघडी होती आणि तिच्यातले रिव्हॉल्व्हर जमिनीवर होते.

हे रिव्हॉल्व्हर निवडायला मोरेश्वररावांना तीन वर्षे लागली होती. जुन्या घाटणीचे, ज्याचा घोडा प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागतो असे हत्यार त्यांना हवे होते. पण त्याची नळी किती लांब असावी, काडतूस कोणते, मूठ कशाची, झिलई कोणती आणि आतली कळ जुनी की नवी, या प्रत्येक प्रश्नावर त्यांनी वही भरून वाद घातला होता. अखेर ठरले: नळी साडेपाच इंच, काडतूस पंचेचाळीस कॅलिबरचे, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, चौकटीवर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग, आणि आतली कळ दीडशे वर्षांपूर्वी होती तशीच. हत्यार घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.

जुन्या कळीत एक धोका असतो. तिचा घोडा खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडातल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर टेकते. हत्यार घोड्यावर आपटले तर गोळी सुटते. म्हणून जाणकार माणूस काडतुसांच्या सहा घरांच्या फिरत्या चक्रात पाचच काडतुसे भरतो आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतो. हा नियम मोरेश्वररावांच्या वहीच्या पहिल्याच पानावर होता, आणि तपासावर आलेल्या डिटेक्टिव्ह ओल्सनने तो घरातल्या कुणाकडून तरी वाचून घेतला.

मग त्याने चक्र पाहिले. चार जिवंत काडतुसे, एक उडालेले, एक घर रिकामे. नियम पाळलेला होता. नियम पाळला असेल तर घोडा रिकाम्या घरावर होता; घोडा रिकाम्या घरावर असेल तर हत्यार पडून गोळी सुटणे अशक्य; म्हणजे कुणीतरी अंगठ्याने घोडा ओढला आणि चाप दाबला. तळघरात दुसरे कोणी नव्हते.

एका रिकाम्या घराने मोरेश्वररावांच्या मृत्यूला आत्महत्या ठरवून टाकले.

२

शुभाताईंची जुनी मैत्रीण वीणा कारखानीस मंगळवारी, एकवीस तारखेला पोचल्या. त्या तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यू शहरात, मुलीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. नाहीतर इतका उशीर झाला नसता. सव्वीस वर्षे त्यांनी इलिनॉय राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बंदुका आणि काडतुसे तपासण्याचे काम केले होते. साक्षीला उभ्या राहिल्या की त्या "मला वाटते" हे शब्द कधी वापरत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

शेजारच्या दोन घरांवर दिवाळीच्या माळा होत्या, तिसऱ्यापुढे हॅलोविनचे भोपळे. सबनीसांच्या दारात काहीच नव्हते.

शुभाताई रडल्या नाहीत. त्यांनी वीणाला सोफ्यावर बसवले, स्वतः समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ओल्सन म्हणतो, प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला दोन महिने लागतील. दोन महिने मी काय करू, वीणा? रोज सकाळी उठते आणि विचार करते, शनिवारी रात्री ते जेवताना काय बोलले? म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मरायचं ठरवलेला माणूस मीठ मागतो का गं?"

"माहीत नाही, शुभाताई."

"तू खोटं बोलणार नाहीस म्हणूनच तुला बोलावलं. मला एवढंच सांग. ते गेले, की मला टाकून निघून गेले? अपघात असेल तर मी रडेन. दुसरं असेल तर..." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला. "दुसरं असेल तर मला त्यांचा फोटोसुद्धा बघवणार नाही. नऊ दिवस पालथा घालून ठेवलाय."

भिंतीवरच्या फळीवर एक चौकट खरोखरच पालथी होती.

स्वयंपाकघरातून एक तरुण चहाचे कप घेऊन आला. कुमार वैरागडे, वय एकतीस, मूळचा नागपूरचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाच्या व्हिसावर. दोन वर्षांपासून सबनीसांच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहणारा.

"हाच बघतोय सगळं," शुभाताई म्हणाल्या. "पोटच्या पोरासारखा."

"असं काय, काकू," कुमार पुटपुटला आणि कप ठेवून मागे सरला.

तळघरात वीणा एकट्याच उतरल्या. फरशी धुतलेली होती. टेबल तसेच होते. त्याच्या कडेला वस्तू पकडून ठेवायचा लोखंडी शेगडा घट्ट बसवलेला होता; त्याचे जबडे वर्षानुवर्षांच्या वापराने काळवंडलेले. वीणांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिले. डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर एक चकचकीत, नखाएवढी, अगदी ताजी खूण होती. काहीतरी कठीण आणि जड तिथे वरून आपटले होते. पेटी शेगड्याच्या वरच्या अंगाला होती. तिच्यातून उचललेली वस्तू निसटली तर पहिली गाठ शेगड्याशीच पडणार, आणि टेबलावर ओणवलेल्या माणसाची छाती तिथून वीतभर अंतरावर असणार.

हत्यार पडले होते, तर. पण ओल्सनचा प्रश्न तसाच उभा होता. रिकाम्या घरावर घोडा असलेले हत्यार दहा वेळा पडले तरी ते काय करणार?

भिंतीवर एक मोठा छापील तक्ता चिकटवलेला होता. उभ्या रकान्यांत नळीच्या तीन लांब्या, दोन काडतुसे, मुठीचे चार प्रकार, जुनी कळ, नवी कळ, प्रत्येकाला गुण. 'क्षमता' या रकान्यात जुन्या कळीपुढे पाच हा आकडा होता, नव्या कळीपुढे सहा.

"हा तक्ता कुणी केला?" वर आल्यावर त्यांनी विचारले.

"मीच, मावशी," कुमार म्हणाला. "काकांची वही मी एक्सेलमध्ये टाकून दिली होती. अठ्ठेचाळीस कॉम्बिनेशन्स झाली होती. ते म्हणायचे, कॉम्प्युटरनं काय ठरतं, हातात धरून ठरतं." तो किंचित हसला, आणि लगेच गंभीर झाला. "मी तर कधी हात पण नाही लावला. रेंजवर फक्त मागच्या बाकावर बसायचो."

वीणांनी त्याला नेमबाजीच्या रेंजबद्दल अजून काहीच विचारले नव्हते.

३

शंतनू सबनीस, मोरेश्वररावांचा मुलगा, याच देशात जन्मलेला. जर्सी सिटीत राही, रोज नदीपलीकडे मॅनहॅटनला नोकरीला जाई. तो गॅरेजमध्ये वडिलांच्या गाडीला टेकून उभा होता.

"वीणा मावशी, प्लीज. लेट इट गो," तो म्हणाला. "मला माहितीये काय झालं ते."

"मला माहीत नाही. सांग."

"शनिवारी बाबाला फोन केला मी. तो रेंजवर होता. म्हटलं, दिवाळीला आन्याला घेऊन येतोय, ती सहा वर्षांची आहे, घरात गन्स नकोत. तो म्हणाला, कुलपात असतात. मी म्हणालो, आय डोन्ट केअर. द गन्स ऑर युअर ग्रँडडॉटर. चूज." त्याने डोळे मिटले. "चूज म्हणालो मी. ॲन्ड ही चोज."

"किती वेळ बोलणं झालं?"

"फोनवर ट्वेंटी-टू मिनिट्स दाखवतंय. शेवटी तो ओरडत होता. बाबा कधी ओरडायचा नाही."

"आणि मग?"

"मग मी फोन ठेवला. दॅट्स इट. दॅट्स द लास्ट थिंग." त्याने गाडीच्या टपावर तळवा टेकवला. "आईला मी सांगितलेलं नाही. ती विचारते, तुझं काय बोलणं झालं? मी म्हणतो, तिकिटांचं."

वीणांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. खोटा धीर देणे त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "ही गाडी शनिवारनंतर कुणी चालवली?"

"नोबडी. पोलिसांनी पण फक्त दार उघडून पाहिलं."

"डिकी उघड."

डिकीत मोरेश्वररावांची रेंजवर न्यायची पिशवी होती. आवाज अडवायला कानांवर लावायचे गोल, कागदी निशाणे, एक वही. आणि तळाशी झाकणाचा एक छोटा लाकडी ठोकळा, पानाच्या डब्याएवढा. वीणांनी झाकण सरकवले. आत रांगेत पाच भोके होती, एका काडतुसाला एक. इथे सहावे काडतूस बसायला जागाच ठेवलेली नव्हती. माणूस चुकू नये म्हणून अभियंत्याने चुकीची शक्यताच घडणीतून काढून टाकली होती.

पाचही भोके रिकामी होती.

"सो?" शंतनू म्हणाला.

"सो, काडतुसं इथं गाडीत होती, आणि हत्यार तळघरात," वीणा सावकाश म्हणाल्या. "ज्याला रविवारी तळघरात स्वतःवर गोळी झाडायची आहे, तो माणूस गाडीपाशी येऊन काडतुसं काढेल, ठोकळा नीट मिटून पिशवीत घालेल, पिशवीची चेन लावेल आणि मग खाली जाईल?"

"बाबा? ही वुड. तो तसाच होता."

उत्तर खरे होते. वीणांना ते आवडले नाही.

४

संजीव मुजुमदार दुपारी आपणहून आले. मोरेश्वररावांचे तीस वर्षांचे मित्र आणि तीन वर्षांचे प्रतिपक्षी. पक्के दादरकर, दुःखातही आवाज चढा.

"तीन वर्षं भांडलो आम्ही, वीणाताई. पावणेपाच, साडेपाच की साडेसात इंच. मी म्हणायचो, मोऱ्या, साडेसात इंची नळी म्हणजे कुंपणाचा खांब, ती कमरेला लावून तू गाडीत बसणार कसा? तो म्हणायचा, पावणेपाच इंची म्हणजे शेपूट तुटलेली पाल, तिच्यावर नेम काय धरायचा? शेवटी साडेपाचवर तह झाला. मुठीवरून सहा महिने गेले. मी म्हटलं रबर लाव, तुझे अंगठ्याचे सांधे गेलेत. तर म्हणाला, रबर चपलांना."

"आणि कळ?"

संजीवरावांचा आवाज खाली आला. "तिथं मी हरलो. माझं नव्या कळीचं आहे. घोडा आणि टोपी यांच्यामध्ये पट्टी असते, चाप दाबल्याशिवाय ती वर येतच नाही. सहाच्या सहा भरा आणि छतावरून फेका, काही होणार नाही. मी त्याला हजारदा म्हटलं, अरे, तुझ्या त्या जुन्या कळीला सुरक्षित ठेवायला मंत्र म्हणावा लागतो. एक भरा, एक सोडा, चार भरा. मग घोडा पूर्ण मागे, आणि अलगद खाली. तेव्हा कुठं ते सोडलेलं घर घोड्याखाली येतं."

"आणि घर न सोडता पाच ओळीनं भरली तर?"

"तर जिवंत काडतूस घोड्याखाली! तोच तर माझा मुद्दा. एक दिवस विसरशील, म्हटलं. तो म्हणाला, विसरणारा माणूस वेगळा असतो." त्यांनी नाक पुसले. "शनिवारी शेवटची परीक्षा होती. माझं आणि त्याचं, दोन्ही शेजारी ठेवून. त्यानं ठोकळा काढून ठेवला, पाच काडतुसं भरलेला. हत्यार रिकामं, काडतुसं घालायची झडप उघडी, मला दाखवून ठेवलं. तेवढ्यात शंतनूचा फोन. तो बाहेरच्या हॉलमध्ये गेला. आरडाओरडा ऐकू आला तसा मीही धावलो. त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. फोन संपेपर्यंत तिथंच होतो."

"आणि आत परत आलात तेव्हा?"

"तो म्हणाला, चला. बस, एवढंच. सगळं आवरलेलंच होतं. त्यानं पेटी उचलली, पिशवी उचलली आणि गाडीत बसला."

"पेटी उघडून पाहिली नाही?"

"नाही." संजीवरावांनी वर पाहिले. "तीस वर्षांत पहिल्यांदा. मलाही सुचलं नाही. वीणाताई, मी ती नवी कळ त्याच्या गळी उतरवली असती तर..."

वीणांनी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. त्यांच्या मनात आधीचे एक वाक्य अडकून राहिले होते. सगळे आवरलेलेच होते. म्हणजे ते आवरले कुणी?

५

ओल्सन वीणांना जुना ओळखत होता. चार वाजता त्याने आपल्या कार्यालयात चक्राचे छायाचित्र पुढे सरकवले. मागच्या बाजूने घेतलेले. काडतुसांचे पितळी बूड स्पष्ट दिसत होते.

"पाच काडतुसे, एक रिकामे," तो इंग्रजीत म्हणाला. "नियमाप्रमाणे. मला वाईट वाटते, वीणा."

"ही बुडांवरची निशाणी काय आहे?"

"कसली तरी नक्षी. तो आपली काडतुसे स्वतः बनवायचा ना? खूण असेल."

वीणांनी भिंग घेतले. प्रत्येक बुडाच्या कडेला काळ्या शाईने एक बारीक आकार काढला होता. ती नक्षी नव्हती. १, २, ३, ४, ५. देवनागरी अंक. मोरेश्वरराव प्रत्येक गोळीची नोंद वहीत ठेवत, म्हणून ठोकळ्यातल्या भोकांच्या क्रमाने ते काडतुसांना क्रमांक घालत. नऊ दिवस हे छायाचित्र साऱ्या कार्यालयात फिरले होते आणि ते अंक वाचू शकेल असा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता.

त्यांनी कागद ओढला आणि सहा वर्तुळे गोलाकार काढली.

"नियमाने भरले तर कसे?" त्या म्हणाल्या. "पहिले काडतूस भरले. एक घर सोडले. मग दोन, तीन, चार, पाच. म्हणजे रिकामे घर कुठे येते?"

ओल्सनने बोट फिरवले. "एक आणि दोन यांच्यामध्ये."

"आणि अशा चक्रात घोडा ओढला, तर रिकाम्या घरानंतर पुढे कोण येते?"

"दोन."

"म्हणजे मोरेश्वररावांनी स्वतः भरून, स्वतः घोडा ओढून गोळी झाडली असती, तर उडालेले काडतूस दुसरे असायला हवे. छायाचित्रात कोणते उडाले आहे? हा एकचा आकडा आहे, माझ्यावर विश्वास ठेव. आणि रिकामे घर एक-दोनच्या मध्ये नाही. ते पाच आणि एक यांच्या मध्ये आहे."

ओल्सन छायाचित्राकडे पाहत राहिला.

"कुणीतरी घर न सोडता पाचही ओळीने भरली," वीणा म्हणाल्या. "मग घोडा ओढून खाली सोडला. त्यामुळे पहिले जिवंत काडतूस घोड्याखाली आले, आणि तसेच ते हत्यार पेटीत गेले. तळघरातल्या शेगड्यावर घोड्याच्या आघाताची खूण आहे. तुझे लोक ती मोजतील. मोरेश्वररावांनी ते पुसायला उचलले, सांध्यांनी दगा दिला, ते निसटले. त्यांच्या लेखी ते रिकामे होते. शेवटचे त्यांनी ते रिकामेच पाहिले होते."

"म्हाताऱ्या माणसाचीच चूक असेल. चिडलेला होता, भरताना विसरला."

"चिडण्यापूर्वी हत्यार रिकामे होते, साक्षीदार आहे. चिडल्यानंतर त्यांनी पेटी उघडलीच नाही, तोही साक्षीदार आहे. मधली बावीस मिनिटे ते हॉलमध्ये होते, आणि तो साक्षीदार त्यांच्या शेजारी उभा होता."

"मग भरले कुणी?"

वीणा उठल्या. घर न सोडण्याची चूक संजीवरावांच्या हातून होणे शक्य नव्हते. तीन वर्षे त्यांचा सारा वाद त्या एका घरावर उभा होता. शंतनू आठशे मैलांवर होता. उरला होता तो रेंजवर मागच्या बाकावर बसणारा एकच माणूस, ज्याने अठ्ठेचाळीस जुळण्यांचा तक्ता केला होता. त्या तक्त्यात पाच हा आकडा होता. पाच कसे भरावेत, याला रकाना नव्हता.

"उद्या सकाळी नऊपर्यंत वेळ दे," त्या म्हणाल्या. "तोवर तो माणूस तुला स्वतःच फोन करेल अशी माझी इच्छा आहे."

६

संध्याकाळी त्या दिवाणखान्यात चौघे होते. शुभाताई आणि शंतनू सोफ्यावर, वीणा समोर. कुमार जिन्याच्या कठड्याशी उभा होता. बस म्हटले तरी बसला नव्हता.

वीणांनी अंकांचे सांगितले, रिकाम्या घराचे सांगितले, ठोकळ्याचे सांगितले. आवाज त्यांनी कुठेही चढवला नाही. बोलताना त्या शुभाताईंकडेच पाहत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "शुभाताई, त्यांनी स्वतःला मारलं नाही. हे मी कोर्टात सांगेन."

शुभाताईंच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, श्वास सुटल्याचा. शंतनूने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"आता कुमार," वीणा म्हणाल्या. "रेंजवर तू सगळं आवरलंस. ठोकळा मिटलास, चेन लावलीस, पेटी बंद केलीस. पेटी बंद करण्यापूर्वी काय केलंस?"

"मावशी, मी तर सांगितलं ना, मी बाकावर..."

"तू काय केलंस ते मला माहीत आहे. मला का ते माहीत नाही."

खाली घर तापवणारी भट्टी सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. कुमार कठड्याला धरून खाली बसला, पायरीवरच.

"एकदा फक्त धरून पाहायचं होतं," तो म्हणाला. "चार महिने मी ते टाइप करत होतो. साडेपाच इंच, अडतीस औंस, अक्रोड. सगळं पाठ होतं. पण व्हिसावरच्या माणसाला अलाउड नाही ना. हंटिंग लायसन्स वगैरे नसेल तर बंदूक हातात धरणं पण क्राइम आहे. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू बघ, हात लावू नको. ते दोघं बाहेर गेले. मी उठलो. काकांना पाहिलं होतं भरताना, पण मागून. पाच टाकतात, घोडा ओढतात, खाली सोडतात, एवढंच दिसायचं. मी पाच टाकल्या. घोडा ओढून खाली सोडला. नेम धरला फक्त. मारणार नव्हतो, खरंच."

"मग?"

"तेवढ्यात रेंजवाला ओरडला, सीझ फायर. आणि तो आमच्याच लेनकडे येत होता, सगळ्यांच्या हातात काय आहे बघत. आयडी मागितला असता तर... माझी घाबरगुंडी उडाली. पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. त्यानं मान हलवली आणि गेला पुढे. नंतर काढतो, म्हटलं. तर काका आले, आणि त्यांचा चेहरा असा... चल म्हणाले. गाडीत मी दोनदा तोंड उघडलं, काकू. शप्पथ. ते म्हणाले, कुमार, आत्ता बोलू नको."

"आणि रात्री? तुझ्या खोलीपासून ते टेबल दहा पावलं आहे."

"पेटीला कुलूप होतं. सकाळी सांगू, म्हटलं. आणि मला वाटलं, पाचच आहेत, पाच असल्या की सेफ असतं. तक्त्यात पण तसंच..." त्याने डोके कठड्याला टेकवले. "आवाज झाला तेव्हा मी वर, दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो. मला लगेच कळलं. लगेच."

शंतनू उठून उभा राहिला. "यू न्यू? नऊ दिवस? तू मला एअरपोर्टवरून आणलंस! मी गाडीत रडत होतो, तू मला टिश्यू दिलेस!"

"मी काय करणार होतो, दादा? घरी आई एकटी, बहिणीचं लग्न व्हायचंय, मी परत गेलो असतो तर... काका तर परत येणार नव्हते. मला वाटलं, आता सांगून कुणाचं काय भलं होणार?"

हे वाक्य उच्चारताच त्याला स्वतःलाच ते ऐकू आले असावे. त्याने शुभाताईंकडे पाहिले आणि मान खाली घातली.

शुभाताई हलल्या नव्हत्या. वीणांना त्यांचा चेहरा वाचता येईना. त्यावर राग नव्हता, सुटका होती आणि तिच्यामागे आणखी काहीतरी जड येत होते.

"शंतनू," त्या म्हणाल्या, "तुझं त्यांच्याशी भांडण झालं होतं ना?"

शंतनूने मान डोलावली.

"मला माहीत होतं. मोबाइलवर तुझं नाव होतं. मी तुला विचारत राहिले आणि तू मला तिकिटं सांगत राहिलास. मी मनात म्हणायचे, याच्यामुळे गेले. पोटच्या पोराबद्दल. आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, नाही, माझ्यामुळे. मी असं काय केलं की त्यांना राहावंसं वाटलं नाही?" त्या कुमारकडे वळल्या. "तू जेवताना माझ्यासमोर बसायचास. मी तुलाच विचारलं होतं, आठवतंय? तिसऱ्या दिवशी. कुमार, तुला काही बोलले होते का रे ते? तू काय म्हणालास?"

कुमारने कठड्याचा गज घट्ट धरला.

"सांग."

"म्हणालो... काका थोडे डिप्रेस्ड वाटत होते."

शंतनू पुन्हा सोफ्यावर बसला. वीणांनी आयुष्यात शेकडो जबान्या ऐकल्या होत्या. हे एक वाक्य त्यांना काडतुसाहून जड वाटले.

"त्याला आधी लॉयर लागेल, आई," काही वेळाने शंतनू खालच्या आवाजात म्हणाला. स्वतःच्या तोंडून हे निघाले याचे त्यालाही नवल वाटले असावे. "पोलिसांशी बोलण्याआधी. इमिग्रेशनचं वेगळं, क्रिमिनलचं वेगळं."

"लागेल ना. तो तू शोधून दे. परमुलखात एकट्या पोराला मी पोलिसांच्या दारात ढकलणार नाही." शुभाताई उठल्या. कुमार पायरीवरून धडपडत उभा राहिला आणि त्यांच्या पायांकडे वाकू लागला. त्यांनी हात आडवा धरून त्याला तिथेच थांबवले.

"काकू, माफ करा."

"काडतुसं भरलीस, ते मी माफ केलं," शुभाताई म्हणाल्या. "ते डिप्रेस्ड होते म्हणालास, ते करणार नाही. उद्या नऊ वाजता तू ओल्सनला सगळं सांगायचं, आणि त्यानंतर या घरात राहायचं नाही."